टाकीतल्या शेवाळाचा हिशेब

समुद्री प्रवाळांची टाकी, म्हणजे ‘रीफ टँक’, घरात बसवून दोन-तीन महिने झाले की ठरलेला एक प्रसंग घडतो. तोवर सगळे छान चाललेले असते. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत खारे पाणी नितळ असते, नारिंगी-पांढरे क्लाउनफिश फिरत असतात, दगडांवर प्रवाळांचे चार-पाच लहान तुकडे चिकटवलेले असतात. मग एका सकाळी पांढऱ्या वाळूवर तपकिरी धूळ बसलेली दिसते. काही आठवड्यांनी ती ओसरते आणि तिच्या जागी लालसर-काळपट साय धरते. त्यानंतर दगडांवर हिरवे केस उगवतात. ते आज उपटले तर चार दिवसांत पुन्हा तेवढेच होतात आणि हळूहळू प्रवाळांच्या कडांवर चढू लागतात. हजारो रुपये आणि कित्येक रविवार घालून उभा केलेला छोटा समुद्र डबक्यासारखा दिसू लागतो.

अशा वेळी हौशी माणूस दुकानात जाऊन ‘शेवाळावर काहीतरी औषध द्या’ म्हणतो. औषध मिळतेही. अडचण अशी की या टाकीत शेवाळ हा पाहुणा नसून घरचाच माणूस आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शेवाळ राहते. ते प्रकाशातून साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देते. हे भाडेकरू निघून गेले की प्रवाळ पांढरा पडतो आणि बरेचदा उपासमारीने मरतो. म्हणजे सरसकट शेवाळ मारणारे औषध टाकीत ओतले तर ज्याच्यासाठी टाकी उभारली त्याच्याच पोटावर पाय येतो. गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही शेवाळनाशकांत तांबे असते. तांब्याची थोडी मात्राही गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ अशा अपृष्ठवंशीय प्राण्यांना जीवघेणी ठरते.

मग उपाय काय? तो बाटलीत नाही, हिशेबाच्या वहीत आहे. टाकीत किती अन्नद्रव्य आत जाते आणि किती बाहेर पडते, एवढाच तो हिशेब. पण तो मांडण्यापूर्वी समोर उगवलेले नेमके काय आहे, हे पाहावे लागते.

आधी ओळख पटवा

आपण ज्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो, त्यात एकमेकांशी दूरचेही नाते नसलेले जीव असतात. नव्या टाकीतली तपकिरी धूळ म्हणजे बहुधा डायटम. त्यांचे कवच सिलिकाचे असते. पाण्यातले, वाळूतले सिलिकेट संपत आले की ते आपोआप कमी होतात. त्यांच्यासाठी काही करावे लागत नाही, फक्त घाबरून चार बाटल्या ओतू नयेत.

लालसर किंवा काळपट साय बोटाने सोलून निघते आणि तिच्याखाली हवेचे बुडबुडे दिसतात. हे शेवाळ नव्हेच. ते नीलहरित जीवाणू, सायनोबॅक्टेरिया, आहेत. त्यांतल्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासून स्वतःचे खत बनवू शकतात. त्यामुळे नायट्रेट कमी आणि फॉस्फेट भरपूर अशा टाकीत त्यांचे फावते. जिथे पाण्याचा प्रवाह मंद असतो आणि मलबा साचतो, त्या कोपऱ्यातून ते सहसा सुरुवात करतात.

तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, त्यांच्या टोकाला बुडबुडे, दुपारपर्यंत गच्च आणि रात्री दिवे विझल्यावर जवळजवळ नाहीसे, असे दिसले तर डायनोफ्लॅजेलेट्सचा संशय घ्यावा. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते हलताना दिसतात. गंमत म्हणजे प्रवाळाच्या पेशीत राहणारे झूझँथेली याच कुळातले. एक भाऊ प्रवाळाला पोसतो, तर दुसऱ्याच्या काही जाती विष बनवतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात.

हिरवे, केसांसारखे मऊ ते केसाळ शेवाळ. पिसासारखी रचना दिसली तर ब्रायोप्सिस. ते फार चिवट असते. हिरव्या काचेच्या मण्यासारखे गोल दिसले तर व्हॅलोनिया. त्याचा एक मणी म्हणजे एकच पेशी. सजीवसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या पेशींत तिची गणना होते. हे मणी टाकीत फोडू नयेत, दगड बाहेर काढून मुळासकट खरवडावेत.

एक ग्रॅम खाद्याचे गणित

आता हिशेब. दोनशे लिटर पाण्याची टाकी घेऊ. त्यातल्या माशांना रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य घातले, म्हणजे जेमतेम एक चिमूट. अशा खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिने आणि सुमारे एक टक्का फॉस्फरस असतो. प्रथिनांतला नायट्रोजन माशांच्या मलमूत्रातून अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फरसचे फॉस्फेट होते. काहीच बाहेर गेले नाही असे धरले, तर त्या एका चिमटीमुळे लिटरमागे सुमारे दीड मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.१५ मिलिग्रॅम फॉस्फेट वाढते. दररोज.

हे आकडे लहान वाटतात, पण प्रवाळ खडकांभोवतीच्या समुद्रात फॉस्फेट लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांश एवढेच असते. घरच्या टाकीत अनुभवी मंडळी ते साधारण ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान आणि नायट्रेट दोन ते दहाच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करतात. म्हणजे एका दिवसाचे खाद्य फॉस्फेटची मर्यादा ओलांडायला पुरेसे आहे.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की झाले, असा समज असतो. आठवड्याला आत येणारे फॉस्फेट लिटरमागे एक मिलिग्रॅम धरले आणि बाहेर काढायचा मार्ग फक्त तेवढाच असला, तर आवक आणि जावक कधी जुळेल? पातळी दहा मिलिग्रॅमच्या घरात गेल्यावर. कारण दहा टक्क्यांतून एक बाहेर पडायला टाकीत आधी दहा असावे लागतात. प्रत्यक्षात एवढे होत नाही. थोडे माशांच्या वाढीत जाते, थोडे दगडात मुरते, थोडे जीवाणू घेतात. उरलेल्याचा हिशेब शेवाळ मिटवते. टाकीच्या मालकाने न काढलेले खत ते आपल्या अंगात साठवते.

यातूनच एक फसगत होते. टाकी केसाळ शेवाळाने भरलेली असते आणि तपासणी संचात नायट्रेट-फॉस्फेट शून्य दिसते. मालक म्हणतो, पाणी तर स्वच्छ आहे. पण संच पाण्यात विरघळलेले मोजतो, शेवाळाच्या पोटात गेलेले मोजत नाही. शून्य दिसते कारण येणारा प्रत्येक कण शेवाळ लगेच उचलते. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवलेला बरा.

दुसरी फसगत दगडांची. टाकीतले दगड आणि वाळू बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटची असते. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना ती ते पृष्ठभागावर धरून ठेवते आणि पाणी स्वच्छ झाले की हळूहळू परत सोडते. म्हणून खाद्य कमी केले, पाणी बदलले, तरी पहिले काही आठवडे काहीच फरक पडत नाही. अनेक जण नेमके इथेच हार मानतात आणि औषधाकडे वळतात.

तिसरी फसगत नळाच्या पाण्याची. बाष्पीभवनाने टाकीतले पाणी रोज कमी होते आणि गोडे पाणी घालून ते भरावे लागते. नळाच्या पाण्यात क्षार, सिलिकेट, कधी नायट्रेट, फॉस्फेटही असते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात, रोज थोडे थोडे साचत जातात. घरच्या पिण्याच्या आरओचे पाणी चालेल असे अनेकांना वाटते. पण चव आणि खनिजे राहावीत म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांत थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळले जाते. टाकीसाठी आरओनंतर डीआय, म्हणजे उरलेसुरले आयन काढणारी रेझिनची नळी, लागते. टीडीएस मापकावर शून्य दिसले पाहिजे.

जमैकाचा धडा

हाच हिशेब समुद्रात बिघडला तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅरिबियन समुद्रात घडले. तिथल्या प्रवाळ खडकांवर लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन, शास्त्रीय नाव डायडेमा अँटिलॅरम, रात्रभर शेवाळ खरवडून खात असत. जानेवारी १९८३ मध्ये पनामाजवळ ते मरू लागले. कुठल्याशा रोगाची साथ प्रवाहांबरोबर पसरली आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये या प्राण्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली.

जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच संपत आले होते. १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. राखणीला उरलेला शेवटचा गडी म्हणजे हे अर्चिन. तेही गेल्यावर शेवाळ मोकाट सुटले. टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेली आकडेवारी आजही धक्का देते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या तळाचा सरासरी ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ३ टक्क्यांवर आला. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. यात सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांचा वाटा किती आणि चरणारे प्राणी नाहीसे होण्याचा किती, यावर शास्त्रज्ञांत नंतर बराच वाद झाला. टाकीच्या मालकाला मात्र दोन्ही बाजूंतून शिकण्यासारखे आहे. खत जास्त झाले तरी शेवाळ माजते, चरणारे कमी झाले तरी माजते.

शेवाळ शेजारी आले की प्रवाळ का मरतो, याचे एक उत्तर २००६ मध्ये मिळाले. जेनिफर स्मिथ, फॉरेस्ट रोवर आणि सहकाऱ्यांनी प्रवाळ आणि शेवाळ एकाच भांड्यात, पण मध्ये जीवाणूही पार होऊ शकणार नाहीत असा अतिसूक्ष्म गाळणीचा पडदा लावून ठेवले. शेवाळाचा स्पर्श नसतानाही प्रवाळ मेले. पाण्यात प्रतिजैविक घातल्यावर मात्र ते वाचले. शेवाळातून झिरपणारी साखरेसारखी द्रव्ये पडद्यातून पलीकडे जात होती, त्यावर प्रवाळाच्या अंगावरचे जीवाणू माजत होते. म्हणजे केसाळ शेवाळ फक्त दिसायला वाईट आहे, थोडे राहिले तर बिघडत नाही, हा समज खरा नाही.

टाकीत चरायला टर्बो आणि ट्रोकस जातीच्या गोगलगायी, लहान अर्चिन, मोठ्या टाकीत सर्जनफिश कामाला येतात. कोण काय खाईल हे मात्र गृहीत धरू नये. ऑस्ट्रेलियातील ऑर्फियस बेटाजवळ संशोधकांनी खडकाच्या काही भागावर पिंजरे घालून मासे बाहेर ठेवले आणि तिथे सरगॅसम शेवाळाचे जंगल वाढू दिले. पिंजरे काढल्यावर नेहमीचे चरणारे मासे ते फस्त करतील अशी अपेक्षा होती. त्यांनी फारसे तोंड लावले नाही. ते जंगल काही आठवड्यांत साफ केले बॅटफिशने, ज्याला तोवर कोणी शेवाळ खाणाऱ्यांत मोजत नव्हते. घरातही तसेच घडते. एका टाकीत ज्या गोगलगायी केसाळ शेवाळ चाटूनपुसून खातात, त्याच दुसरीकडे काचेवरून हलत नाहीत. शेवाळ लांब वाढले की बहुतेक प्राणी ते टाळतात. म्हणून आधी हाताने उपटावे आणि मग उरलेल्या खुंटांवर गोगलगायी सोडाव्यात.

आणि एक गोष्ट विसरू नये. गोगलगाय शेवाळ खाते, पण विष्ठा त्याच पाण्यात टाकते. तिच्यामुळे टाकी नीटनेटकी दिसते, वहीतली शिल्लक मात्र तेवढीच राहते. खत टाकीबाहेर न्यावेच लागते.

शेवाळाकडूनच शेवाळाचा बंदोबस्त

खत बाहेर कसे काढायचे, याचे एक सुंदर उत्तर वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मिळाले. तिथले शेवाळतज्ज्ञ वॉल्टर ॲडी कॅरिबियन खडकांवर काम करत होते. खडकावर पसरलेला बुटक्या शेवाळाचा गालिचा किती झपाट्याने वाढतो आणि प्राणी तो किती झपाट्याने खातात, हे त्यांनी पाहिले होते. संग्रहालयात १९८० मध्ये जिवंत प्रवाळ खडकाची टाकी लोकांसाठी खुली झाली, तेव्हा त्यांनी शेवाळाला हाकलण्याऐवजी वेगळी जागा दिली. टाकीतले पाणी एका उथळ पन्हाळीतून लाटांसारखे सोडायचे, तिच्यात जाळी पसरायची, वर प्रखर दिवे लावायचे. शेवाळ तिथे जोमाने वाढते. ठरावीक दिवसांनी जाळी खरवडली की त्याच्या अंगात साठलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीबाहेर जातो. टाकीत रात्र असताना पन्हाळीवर दिवे लावले तर आणखी फायदा. अंधारात टाकीतले सगळे जीव ऑक्सिजन वापरत असताना पन्हाळीतले शेवाळ तो तयार करत असते. १९८२ मध्ये त्यांना या यंत्रणेचे पेटंट मिळाले. पुढे ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथल्या विशाल सार्वजनिक रीफ टँकमध्येही ती वापरली गेली.

आज घरगुती टाक्यांत हीच कल्पना सुटसुटीत रूपात दिसते. मुख्य टाकीखालच्या कप्प्यात किटोमॉर्फा नावाचे, तारेच्या चोथ्यासारखे दिसणारे शेवाळ वाढवतात आणि महिन्यातून एक-दोनदा त्यातले मूठभर काढून टाकतात. जोडीला प्रोटीन स्किमर असतो. तो बारीक बुडबुड्यांच्या फेसाला सेंद्रिय कचरा चिकटवून, त्याचे नायट्रेट होण्याआधीच, तो बाहेर काढतो. पाण्यातले फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाचे तपकिरी दाणेही मिळतात. तेही उपयोगी आहेत, पण बेताने.

बेताने अशासाठी, की अतिस्वच्छतेचीही शिक्षा असते. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही पार शून्यावर नेलेल्या टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट्स माजतात, हा अनेक हौशी पालकांचा कटू अनुभव आहे. त्यांचे स्पर्धक उपाशी मरतात आणि हे तग धरतात. प्रवाळालाही थोडे खत हवेच असते. साउदॅम्प्टन विद्यापीठातील यॉर्ग विडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नाही, अशा असमतोलात वाढलेले प्रवाळ उष्णता आणि प्रखर प्रकाशाने लवकर पांढरे पडतात. ध्येय शून्य नाही. ध्येय थोडे आणि स्थिर हे आहे.

गोळ्यांचा मोह

तरीही मोह होतो. सायनोबॅक्टेरिया हे जीवाणू असल्याने एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने ते मरतात. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी चालते, असे हौशी लोकांना आढळले आहे. दोन्ही माणसांची औषधे आहेत. टाकीत घातलेल्या एरिथ्रोमायसिनने सायनोबॅक्टेरिया एकदम मेले की ते सडू लागतात, ऑक्सिजन घटतो, आणि रात्रीतून मासे दगावू शकतात. मेलेल्या सायीतले खत पुन्हा पाण्यात येते आणि महिनाभराने तीच साय परतते. मुख्य म्हणजे टाकीतले औषधमिश्रित पाणी शेवटी मोरीतच जाते. औषधांना न जुमानणारे जीवाणू आणि बुरशी ही आज आपल्या रुग्णालयांची मोठी डोकेदुखी आहे. वाळूवरची साय काढण्यासाठी त्यात भर घालणे शहाणपणाचे नाही. तीच साय नळीने शोषून काढणे, त्या कोपऱ्यातला प्रवाह वाढवणे आणि तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवणे, हे उपाय आधी करून पाहावेत. अंधार करताना हवेचा पंप मात्र चालू हवा.

हातमोजे आणि डॉक्टरांना सांगायची गोष्ट

शेवाळ काढताना माणसाच्या आरोग्याचाही प्रश्न असतो आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बटणासारखे दिसणारे, स्वस्त आणि रंगीत झोअँथिड अनेक टाक्यांत असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक विष असते. हवाईतल्या अशाच एका जीवापासून १९७१ मध्ये ते वेगळे करण्यात आले. शेवाळाने भरलेला दगड ‘निर्जंतुक’ करावा म्हणून कोणी उकळतो, कोणी त्यावर गरम पाणी ओततो, कोणी जोरदार फवाऱ्याने धुतो. त्या वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर विष श्वासात जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये अलास्कातील अँकरेज इथे घरच्या टाकीत झोअँथिड ठेवणारा एक माणूस तोंडाला कडवट धातूसारखी चव, ताप, अशक्तपणा, खोकला आणि स्नायुदुखी घेऊन रुग्णालयात आला. घरातल्या इतरांनाही त्रास झाला होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याची नोंद घेतली. डायनोफ्लॅजेलेट्सपैकी ऑस्ट्रिऑप्सिसही याच जातीचे विष बनवते. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर त्याची वाढ झाली, तेव्हा नुसत्या समुद्राच्या हवेने सुमारे दोनशे जणांना ताप आणि श्वासाचा त्रास झाला होता.

म्हणून नियम साधे आहेत. टाकीतला दगड कधीही उकळू नये. ब्रशने घासायचा तर वेगळ्या बादलीत, खाऱ्या पाण्याखाली बुडवून घासावा. हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुले आणि पाळीव प्राणी लांब ठेवावेत. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नये.

दुसरा धोका संथ आहे. मायकोबॅक्टेरियम मरीनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद टाकीच्या पाण्यात राहू शकतो. हातावरच्या लहानशा जखमेतून तो आत शिरतो. त्याला ३० अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो सहसा शरीराच्या आत न जाता बोटे आणि हातांच्या थंड कातडीतच गाठी करतो. काही आठवड्यांनी उठलेली ती लालसर, न दुखणारी गाठ बरी होत नाही, नेहमीच्या मलमांना दाद देत नाही. उपचार कित्येक महिने चालतात. निदान लांबते, कारण घरी टाकी आहे हे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टरांना विचारायचे सुचत नाही. हातावरची गाठ तीन-चार आठवडे टिकली तर ‘आमच्याकडे फिश टँक आहे’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जखम असताना हात टाकीत घालू नये.

काढलेले शेवाळ कुठे टाकायचे?

उपटलेले शेवाळ बादलीत जमले की ते खाडीत, नदीत किंवा पावसाळी गटारात रिकामे करण्याची बुद्धी होते. समुद्राचे समुद्राला परत, असे वाटते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शोभेच्या शेवाळाचा सुमारे एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. मत्स्यालयांत जोपासलेला तो वाण थंडीला दाद देत नव्हता. पुढच्या दीड दशकात त्याने भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर जागा व्यापली. २००० मध्ये तेच शेवाळ कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडजवळच्या खाजणात सापडले. ताडपत्र्या अंथरून, त्यांखाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले. २००६ मध्ये ते नष्ट झाल्याचे जाहीर झाले, तोवर सुमारे ७० लाख डॉलर खर्च झाले होते. आपल्याकडे मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेले कप्पाफायकस हे शेवाळ कुरुसडाई बेटाभोवतीच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. ते टाकीतून आलेले नव्हते, पण परके शेवाळ प्रवाळांवर काय आणते हे त्यातून दिसते. म्हणून टाकीतले शेवाळ उन्हात कडकडीत वाळवूनच कचऱ्यात टाकावे. मालवणच्या खडकांवर आधीच संकटे कमी नाहीत.

त्याच ओघात आणखी एक. केसाळ झालेला दगड फेकून समुद्रातून नवा ‘जिवंत दगड’ आणावा, असा सल्ला कोणी देतो. भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते तोडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. जुना दगड घासून, धुऊन पुन्हा वापरणे हाच योग्य मार्ग.

आठ आठवडे

सगळे मिळून काम फार मोठे नाही, पण त्याला सातत्य लागते. पहिल्या आठवड्यात दगड एकेक करून बाहेर घासायचे, वाळूवरचा मलबा शोषून घ्यायचा. खाद्य माशांना दोन-तीन मिनिटांत संपवता येईल एवढेच घालायचे. गोठवलेले खाद्य वितळवून, त्याचे पाणी गाळून टाकूनच द्यायचे. पाणी डीआयचे. दिवे आठ-नऊ तास आणि वेळ ठरवणाऱ्या स्विचवर. शेवाळाचा वेगळा कप्पा किंवा स्किमर, किंवा दोन्ही. आठवड्यातून एकदा नायट्रेट, फॉस्फेट मोजून वहीत लिहायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि प्रवाळांना तो धक्का सोसत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीच होत नाहीये असे वाटते. दगडात मुरलेले फॉस्फेट तेव्हा बाहेर पडत असते. सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास केसांची वाढ मंदावते, गोगलगायींना उरलेले खुंट पुरेनासे होतात. त्यानंतर उघड्या पडलेल्या दगडांवर गुलाबी-जांभळे ठिपके दिसू लागतात. ते दगडाला घट्ट बिलगून पसरतात, नखाने निघत नाहीत. टाकी सावरल्याची ही खूण अनुभवी लोक फार समाधानाने दाखवतात.

हे ठिपके म्हणजे कोरॅलाइन. तेही शेवाळच. चुनखडीचे अंग असलेले, प्रवाळ खडकांना सांधून धरणारे. टाकीतून शेवाळ कधीच जात नाही. हिशेब जुळला की त्या जागी कोणते राहणार, एवढेच बदलते.